‘रिप्लाय ऑल’ कसे दाबावे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! कुणीतरी तुमचा पत्ता एका मेलिंग लिस्टवर घातला आहे. बहुधा तुम्हाला न विचारताच. ही मंडळी कॉलेजचे माजी विद्यार्थी असतील, सॉफ्टवेअरवाले असतील, परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचे सभासद असतील, नाहीतर बोन्साय, दमा किंवा धृपद यांपैकी कशाला तरी वाहून घेतलेली असतील. विषय कोणताही असो, पुढच्या सूचना तंतोतंत लागू पडतात. कारण लिस्टवर विषयाबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

हे लिहिणाऱ्याने काही काळ अशा लिस्टांची मॉडरेटरकी केली आहे. मॉडरेटर म्हणजे ज्याला सगळे बोल लावतात आणि ज्याच्या सूचना कुणी वाचत नाही असा बिनपगारी माणूस. तेव्हा लेखकाच्या निःपक्षपातीपणाबद्दल फार भरवसा बाळगू नये.

साहित्य

एक मेल खाते, डिलीटचे बटण, गेंड्याची कातडी.

पूर्वपीठिका (घाई असेल तर गाळावी)

१९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यात आले की वेगवेगळ्या ठिकाणच्या संगणकांनी फोन लाइनवरून एकमेकांना गाठावे, नवा मजकूर द्यावा-घ्यावा आणि फोन ठेवावा. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने त्यासाठी पहिली स्क्रिप्ट लिहून दिली. त्यातून यूजनेट उभे राहिले आणि न्यूजग्रुप हा प्रकार आला. मेलिंग लिस्टचा मजकूर तुमच्या घरात येऊन पडतो, न्यूजग्रुपचा मजकूर वाचायला तुम्ही जाता. बाकी भांडणे तीच. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरची रचना करताना एका ग्रुपवर दिवसाला मोजकेच लेख येतील असे धरले होते. या क्षेत्रातला सर्वांत निरागस अंदाज म्हणून मी त्याला आदराने नमस्कार करतो.

लिस्टांचे म्हणाल, तर पूर्वी नाव घालणे-काढणे हे काम माणूस हाताने करी. १९८६ मध्ये पॅरिसला शिकत असलेल्या एरिक थॉमसने लिस्टसर्व्ह नावाचा प्रोग्राम लिहून ते काम यंत्राला दिले. यंत्रासाठी वेगळा पत्ता, माणसांसाठी वेगळा पत्ता, अशी व्यवस्था झाली. या दोन पत्त्यांतला फरक चाळीस वर्षे होत आली तरी कुणाच्या पचनी पडलेला नाही. त्याबद्दल शेवटच्या पाठात.

मराठी माणूस यात मागे नव्हता. यूजनेटवर ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ असा ग्रुप होता. देवनागरी उमटण्याची सोय नसल्यामुळे तिथले मराठी रोमन लिपीत लिहावे लागे. ट-ठ-ड साठी मोठी अक्षरे, त-थ-द साठी लहान, असे संकेत पाळणारे थोडे. न पाळणाऱ्यांच्या मजकुरात ‘मला’ की ‘माळा’ हे संदर्भावरून ओळखायचे आणि चुकीचे ओळखून चिडायचे. इकडे भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १४.४ केबीपीएसच्या मोडेमवर १ एमबीची फाइल उतरायला दहा मिनिटे लागत, आणि नवव्या मिनिटाला आतल्या खोलीतला फोन कुणीतरी उचलला की पुन्हा पहिल्यापासून. तासांचा कोटा संपे, फोनचे बिल वेगळे. आजच्या नवशिक्याला ही किंमत मोजावी लागत नाही. म्हणूनच त्याला सगळे शिकवून सांगावे लागते.

पाठ पहिला : गप्प बसणे

ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या क्रमांकाने शिष्टाचाराची एक नियमावली निघाली. इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी ती लिहिली. तीत नवख्यांना सांगितले आहे की लिस्टवर वा न्यूजग्रुपवर काहीही लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसते वाचावे. मराठी आंतरजालावर याला ‘रोमात असणे’ म्हणतात.

एक ते दोन महिने! गणपतीत आलेल्या माणसाने दिवाळीपर्यंत तोंड उघडायचे नाही. बाई सद्हेतूने लिहून गेल्या, पण त्यांचा मराठी माणसाशी संबंध आलेला नसावा. तरी पाठ म्हणून करून बघावा. पहिल्या दिवशी कुणीतरी पुरंदऱ्यांच्या जागी पुरंदरचा किल्ला लिहील, तुम्हाला माहीत असूनही गप्प बसायचे. तिसऱ्या दिवशी ज्याला तुम्ही शाळेपासून ओळखता तो आपण कधी न केलेल्या ट्रेकचे वर्णन टाकेल. तरी गप्प. पाचव्या दिवशी तुम्ही ‘खरे तर मी लिहिणार नव्हतो, पण’ अशी सुरुवात कराल. झाले, पाठ पूर्ण झाला.

पाठ दुसरा : उत्तर देणे

उत्तर मूळ मजकुराच्या वर लिहावे की खाली, या प्रश्नावर मैत्र्या तुटल्या आहेत. जुनी मंडळी म्हणतात, आधी मूळ मजकुरातला लागेल तेवढाच भाग ठेवावा आणि त्याखाली आपले म्हणणे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला प्रश्न आधी दिसतो, उत्तर नंतर. लिनक्स कर्नलच्या लिस्टवर अजून असेच चालते. तिथे रोज शेकड्यांनी मेल येतात, गर्दीच्या दिवशी हजाराच्या वर. साध्या मजकुराऐवजी रंगीबेरंगी एचटीएमएल मेल पाठवला, तर सर्व्हर तो दारातूनच परत पाठवतो. नवी मंडळी मात्र वर ‘ओके’ लिहितात आणि खाली गेल्या तीन आठवड्यांचे सारे दप्तर तसेच लटकत ठेवतात. नमुना पाहा. न्यू जर्सीत नुकत्याच आलेल्या कुणीतरी अगदी साधा प्रश्न विचारला आहे असे समजा:

> > > > खरवसासाठी चीक इकडे कुठे मिळेल?
> > > चीक मिळत नाही. मी कंडेन्स्ड मिल्क आणि दह्याचा करते, छान होतो.
> > तो खरवस नव्हे.
> +१
+१

यातली बाणांची उतरंड नीट न्याहाळावी. प्रत्येक बाण म्हणजे एक पिढी. चार बाणांमागचा माणूस अजून चीक शोधतो आहे, त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही. चर्चा ‘तो खरवस नव्हे’ या वाक्यावर जाऊन पोचली आहे आणि तिथून ती पुढे सरकते ती अशी: कोकणातला खरवस विरुद्ध देशावरचा, गूळ विरुद्ध साखर, जायफळ घालणारी घराणी, अमुक पोटजातीचा स्वयंपाक, आरक्षण, पेशवाई.

१९९० मध्ये माइक गॉडविन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने नियम मांडला होता की यूजनेटवरची चर्चा लांबत गेली की कुणीतरी कुणालातरी हिटलरची उपमा देण्याची शक्यता एकाजवळ जाऊ लागते. हा नियम आपल्याकडे दुरुस्त करून घ्यावा लागतो. मराठी चर्चा लांबली की ती पानिपतावर जाते. विश्वासराव पडल्यावर भाऊंनी हत्तीवरून उतरायला हवे होते की नको, हे एकदा आले की मॉडरेटरने धागा बंद करावा आणि चहा ठेवावा. चिकाचा प्रश्न विचारणाऱ्याला खासगीत कळवावे की एखाद्या डेअरी फार्मवर विचारून बघा.

सहीबद्दल एक सूचना. यूजनेटच्या काळात सही चार ओळींपेक्षा मोठी असू नये असा दंडक होता, कारण प्रत्येक ओळ हजारो संगणकांवर साठे. आता सहीत हुद्दा, तीन फोन नंबर, झाड वाचवण्याचे आवाहन आणि कंपनीच्या वकिलाने लिहिलेला मजकूर असतो: हा मेल गोपनीय असून चुकून मिळाल्यास त्वरित नष्ट करावा. हे चौदाशे सभासदांच्या आणि जगाला खुल्या असलेल्या लिस्टवर. वर मजकूर काय, तर ‘+१’.

पाठ तिसरा : अटॅचमेंट

पाहा : सोबतची २२ एमबीची फाइल.

पाठ चौथा : स्पॅमचा निषेध

हा या मार्गदर्शिकेचा गाभा. इथे घाई करू नये.

३ मे १९७८. इंटरनेटचे पूर्वज असलेले अर्पानेट तेव्हा सरकारी पैशावर चाले आणि त्यावरचे लोक छापील निर्देशिकेत मावत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा विक्री अधिकारी गॅरी थ्युर्क याने आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवले. पत्ते निर्देशिकेवरून टाइप करून घेतले होते. ते इतके झाले की प्रोग्रामच्या ‘प्रति’च्या जागेत मावेनात. उरलेले पत्ते सांडून पत्राच्या मजकुरात आले. त्यामुळे जाहिरात वाचण्याआधी लोकांना पानेच्या पाने नुसती नावे वाचावी लागली.

खरी मौज पुढे आहे. एका चर्चेच्या लिस्टवर या प्रकाराबद्दल वाद सुरू झाला. त्यात रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिले की आपल्याला तो मेल आलेला नाही, पण असे काही आले तर त्याचा एवढा बाऊ कशाला? तेव्हा कुणीतरी त्यांना तो मेल मुद्दाम पाठवला. तो पाहून स्टॉलमननी शब्द मागे घेतले. हरकत जाहिरातीला नव्हे. एवढी लांब पत्त्यांची यादी डोक्यावर असलेला मेल पाठवायची परवानगी कुणालाच नको, मजकूर कोणताही असो!

नवशिक्याने हा क्रम लक्षात ठेवावा. जाहिरात आली चारशे जणांना. निषेधामुळे ती पोचली ज्यांना आली नव्हती त्यांनाही. निषेध सर्वांना पाठवायचा, जाहिरात पूर्ण उद्धृत करून, लिंकसकट. नाहीतर तुम्ही नक्की कशाचा निषेध करता आहात ते लोकांना कळणार कसे?

पुढचा मोठा धडा १२ एप्रिल १९९४ चा. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात यूजनेटच्या हजारो ग्रुपवर टाकली. एकाच लेखावर अनेक ग्रुपची नावे घातली असती, तर वाचकाला तो एकदाच दिसला असता. त्यांनी स्क्रिप्ट लावून प्रत्येक ग्रुपवर स्वतंत्र प्रत टाकली, म्हणजे जिथे जाल तिथे ग्रीन कार्ड. सोडतीचा अर्ज मुळात फुकट होता, तो भरायला वकिलाची गरज काय, हा वेगळा प्रश्न. आणि कुणाला सोडतीत भाग घेता येणार नाही त्या देशांची यादी जाहिरातीतच दिली होती, तीत भारत होता. म्हणजे देशी मंडळींना ही जाहिरात वाचून एवढेच कळले की आपल्याला काही मिळणार नाही. ते त्यांना आधीपासून माहीत होते.

चिडलेल्या लोकांनी काय केले? निषेधाचे मेल पाठवले. त्या दोघांना ज्या कंपनीने इंटरनेट दिले होते तिच्याकडे एवढे मेल आले की तिचा सर्व्हर पुन्हा पुन्हा कोसळला, आणि दुसऱ्या निरपराध गिऱ्हाइकांचे टपाल खोळंबले. दांपत्याचे खाते बंद झाले. दांपत्याने मात्र आपल्याला या प्रकारातून लाखभर डॉलर मिळाले असा दावा केला आणि इंटरनेटवर पैसे कसे कमवावेत यावर पुस्तक लिहिले. ते पुस्तक वाईट आहे असे सांगणारे लेखही पुष्कळ ग्रुपवर पुष्कळदा टाकले गेले.

याच्या एक वर्ष आधी, ३१ मार्च १९९३ ला, रिचर्ड डेप्यू नावाच्या गृहस्थाने गैरलेख आपोआप मागे घेणारे सॉफ्टवेअर तयार केले होते. हेतू स्वच्छतेचा. प्रोग्राममध्ये चूक राहिली आणि तो आपल्याच लेखाला उत्तर देत सुटला, त्या उत्तराला पुन्हा उत्तर, असे एकाच ग्रुपवर दोनशेच्या आसपास. प्रत्येक लेखाचा मथळा आधीच्यापेक्षा एका शब्दाने लांब. स्वच्छता मोहिमेच्या दिवशी गल्लीत सर्वाधिक कचरा असतो हे पाहिलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

मग लोकांनी नियम करायचे ठरवले. सेथ ब्राइडबार्टच्या नावाचा एक निर्देशांक आहे. एकाच मजकुराच्या जितक्या प्रती टाकल्या असतील, त्या प्रत्येक प्रतीवर किती ग्रुपची नावे आहेत त्याचे वर्गमूळ काढायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. पंचेचाळीस दिवसांत बेरीज वीसच्या वर गेली की तो मजकूर स्पॅम, तो पुसून टाकायला हरकत नाही. एकच लेख नऊ ग्रुपवर एकत्र टाकला तर तीन गुण, नऊ वेळा वेगवेगळा टाकला तर नऊ. मला हा निर्देशांक मनापासून आवडतो. शिवी देण्यापूर्वी वर्गमूळ काढायला लावणारी दुसरी संस्कृती माझ्या माहितीत नाही. अर्थात वर्गमूळच का, वीसच का, यावर वाद झाले. स्पॅमबद्दल बोलायला वेगळा ग्रुप निघाला, तो भरून वाहू लागल्यावर त्याचे पोटविभाग पाडावे लागले. स्पॅम टाकणाऱ्यांना एवढ्या ग्रुपांची गरज कधी भासली नव्हती.

तुम्ही म्हणाल, आमच्या आजीच्या वेळी संतोषी मातेची पोस्टकार्डे येत, ती एकवीस जणांना लिहून पाठवली नाहीत तर अरिष्ट, पाठवली तर लॉटरी. बरोबर आहे. पण पोस्टकार्डाला पैसे पडत, बोटे दुखत, आणि आजीला ‘हे कार्ड पाठवणे बंद करा’ असे उरलेल्या वीस जणांना कळवण्याची सोय नव्हती. तेवढ्यावर आपला समाज टिकून राहिला.

नायजेरियातल्या दिवंगत सेनापतीच्या विधवेचा मेल आला, तर त्यावरही निषेध सर्वांना पाठवावा. तिकडच्या फौजदारी कायद्यात फसवणुकीचे कलम ४१९, म्हणून त्या मेलांना तेच नाव पडले. आपले त्याहून एकाने पुढे होते. नव्या न्याय संहितेत ते ३१८ झाले, आणि एवढ्या वर्षांची आपली आघाडी गेली.

पाठ पाचवा : चाळणी

स्पॅम अडवणाऱ्या चाळण्या दोन प्रकारच्या. पहिली माणसांसाठी. लॅरी वॉल याने १९८४ मध्ये यूजनेट वाचायला ‘आरएन’ नावाचा प्रोग्राम लिहिला, त्यात ‘किलफाइल’ची सोय होती. एखाद्याचे नाव त्यात घातले की त्याचे लिखाण तुम्हाला दिसतच नाही. ही विद्या फार मौल्यवान आहे आणि ती गुपचूप वापरायची असते. तसे कुणी करत नाही. ‘मी तुम्हाला किलफाइलमध्ये टाकत आहे’ असे सर्वांसमक्ष जाहीर करण्याची प्रथा पडली. त्यासाठी खास शब्दही होता, ‘प्लाँक’, म्हणजे तो माणूस तळाशी पडल्याचा आवाज. मग त्या माणसाचे मित्र विचारत, का टाकले? ज्याला टाकले तो दुसऱ्या आयडीने येऊन विचारी, का टाकले?

दुसरी चाळणी मजकुरासाठी. २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी एका लेखात सुचवले की चाळणीला ठरीव नियम देऊ नका. तिच्यापुढे तुमच्या चांगल्या मेलांचा एक ढीग आणि स्पॅमचा एक ढीग ठेवा. कोणता शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते तिला मोजू द्या, आणि नव्या मेलमधल्या शब्दांवरून तो स्पॅम असण्याची शक्यता काढू द्या. गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे. रीत चांगली चालली. स्पॅमवाल्यांनी मग शब्दांच्या मध्ये ठिपके टाकले, अक्षरांच्या जागी अंक घातले, मजकुराचे चित्र करून पाठवले, तळाशी कुठल्याशा कादंबरीतले उतारे जोडले. जानेवारी २००४ मध्ये दाव्होसला बिल गेट्स म्हणाले की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. आपण वाट पाहतो आहोत.

व्यावहारिक सूचना: प्रत्येक लिस्टसाठी वेगळे फोल्डर करावे आणि मेल आपोआप तिथे जाईल अशी फिल्टरची व्यवस्था लावावी. इनबॉक्स एकदम रिकामा होतो. मन प्रसन्न होते. फोल्डर नंतर कधी उघडले नाहीत तरी चालते. तिथे आठ हजार न वाचलेले मेल आहेत हे चारचौघांत सांगता येते आणि त्याने माणूस कामाचा वाटतो. आठवड्यातून एकदा मात्र स्पॅमचे फोल्डर जरूर चाळावे. मामेभावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, प्रॉव्हिडंट फंडाचे उत्तर आणि तुमच्याच लिस्टच्या मॉडरेटरची सूचना, या तीन गोष्टी हमखास तिथे सापडतात. विधवा सेनापतीण इनबॉक्समध्ये सुखरूप असते.

पाठ सहावा : वादळ

इथवर मन लावून अभ्यास केला असेल, तर आता प्रात्यक्षिक.

ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलाम डीएल ३’ नावाची एक अंतर्गत लिस्ट कुणाच्या तरी नजरेस पडली. तिच्यावर तेरा हजारांच्या आसपास कर्मचारी होते आणि आपण तिच्यावर आहोत हे त्यांना माहीत नव्हते. एकाने लिस्टला विचारले, मी यात का आहे, मला काढा. लगेच उत्तरे आली, मलाही काढा. मग कुणी लिहिले, सर्वांना उत्तर देणे थांबवा, आणि ते सर्वांना पाठवले. बघता बघता दीड कोटी मेल फिरले. जगाला मेलचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची मेलव्यवस्था आडवी झाली.

लंडनच्या क्रॉयडनमधून १४ नोव्हेंबर २०१६ ला ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या टपालव्यवस्थेत एक चाचणी मेल गेला. चुकून ८ लाखांहून अधिक जणांना. मजकूर असा काहीच नव्हता. तरीही सव्वा तासात ५० कोटींच्या आसपास मेल इकडून तिकडे गेले, कारण डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस आणि रखवालदार एकमुखाने सर्वांना कळवत होते की मला या यादीतून काढा. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यालाही अशाच भानगडीनंतर आपल्या मुत्सद्द्यांना तंबी द्यावी लागली होती की ‘रिप्लाय ऑल’ दाबाल तर शिस्तभंगाची कारवाई होईल. काय बोलू नये हे शिकवण्यासाठी ज्यांच्यावर एवढा खर्च होतो ती ही माणसे.

तेव्हा वादळ कसे ओळखावे? ‘कृपया माझे नाव काढावे’ असे तीन मेल लागोपाठ आले की ओळखावे. चौथा ‘मीसुद्धा’ असेल. पाचवा शिस्तीवर छोटे प्रवचन असेल, सर्वांना पाठवलेले. सहावा विनोद असेल. सातवा हा ‘मी सध्या रजेवर असून १२ तारखेला परत येईन’ असा आपोआप गेलेला निरोप असेल आणि तो आधीच्या सहाही मेलांना स्वतंत्रपणे गेलेला असेल. दोघे एकाच वेळी रजेवर असले, तर त्यांची यंत्रे १२ तारखेपर्यंत एकमेकांना आपण रजेवर आहोत असे सांगत बसतात. घरी कुणी एकमेकांशी इतके बोलत नाही.

या सगळ्यात बटण न दाबता बसून राहणे हा एक पर्याय असतो. तो तांत्रिकदृष्ट्या सोपा आहे म्हणून या पुस्तिकेत त्याला स्वतंत्र पाठ दिलेला नाही.

पाठ सातवा : सोडून जाणे

पूर्वपीठिका गाळली असेल तर आता मागे जाऊन वाचावी. लिस्टला दोन पत्ते असतात. एक सगळ्यांपर्यंत जाणारा, दुसरा यंत्राकडे जाणारा. जुन्या काळी दुसऱ्या पत्त्यात लिस्टच्या नावापुढे ‘रिक्वेस्ट’ असे जोडलेले असे. बाहेर पडायचे तर दुसऱ्यावर लिहायचे. १९९८ पासून तर मेलच्या डोक्यावरच्या न दिसणाऱ्या ओळींत बाहेर पडण्याचा पत्ता घालण्याचे प्रमाण ठरलेले आहे, आणि २०२४ मध्ये जीमेल व याहू यांनी घाऊक जाहिराती मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय सक्तीची केली. बटण मथळ्याशेजारी असते. मोठे असते.

तरीही नवशिक्याने परंपरा पाळावी. ‘अनसबस्क्राइब’ एवढा एकच शब्द, जमल्यास चुकीच्या स्पेलिंगमध्ये, पहिल्या पत्त्यावर पाठवावा. उत्तर न आल्यास पुन्हा पाठवावा, या वेळी उद्गारचिन्हांसह. तिसऱ्या वेळी पोलिसांत जाण्याची धमकी द्यावी. यावर चार-पाच सभासद तुम्हाला बाहेर पडण्याची योग्य रीत समजावतील, सर्वांना. त्यांच्या रीतींत फरक असेल आणि त्यावरून त्यांचे आपसात जुंपेल. ते वाचण्यासाठी तुम्ही थांबाल.

न्यूजग्रुपवाल्यांना हा त्रास उरलेला नाही. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्याकडून यूजनेटवर नवे काही टाकण्याची वा वाचण्याची सोय बंद केली. जुने शोधता येते. कारण दिले ते स्पॅमचेच. इतर सर्व्हरांवर काही ग्रुप अजून धुगधुगी धरून आहेत, आणि तिथे कुणीतरी गूगलच्या निर्णयाचा निषेध करत असणार.

शंकानिरसन

*मला रोज सातशे मेल येतात. सगळे वाचणे शक्य नाही. काय करू?*
ज्यांचे मथळे ‘रि: रि: रि:’ ने सुरू होतात ते उडवा. उरलेले चार वाचा.

*एकाच माणसाचे तीन आयडी आहेत असा मला संशय आहे.*
चार आहेत. चौथा तुम्हाला पाठिंबा देतो तो.

*माझ्या मेलला कुणीच उत्तर दिले नाही.*
म्हणजे तो स्पष्ट, मुद्देसूद आणि बरोबर होता. पुढच्या वेळी काळजी घ्या.

*लिस्ट फार खालावली आहे. मॉडरेटर झोपले आहेत का? मॉडरेटर होण्यासाठी काय पात्रता लागते?*
गेल्या आठवड्यात ‘यावर कुणीतरी काहीतरी करायला हवे’ असा मेल सर्वांना पाठवणारे तुम्हीच ना? नेमणूक झालेली आहे. पासवर्ड वेगळ्या मेलने पाठवला आहे. स्पॅम फोल्डर बघा.